मुकुंदवाडीची ओळख परेड

निवृत्तीनंतर बरीच प्रकरणं विसरलो. मुकुंदवाडीचं तेवढं विसरता आलं नाही.

पोलिसातल्या नोकरीची शेवटची तीन वर्षं उरली होती. मुलीच्या आग्रहामुळे मी उस्मानपुऱ्यातल्या एका संस्थेत मानसशास्त्र आणि न्यायवैद्यक शास्त्राच्या पदविकेला नाव घातलं होतं. दर रविवारी पोरांच्या वयाच्या विद्यार्थ्यांबरोबर बाकावर बसायचो. तीस वर्षं तपास केलेल्या माणसाला इथं नवीन काय मिळणार, असं तेव्हा वाटायचं.

त्याच सुमारास मुकुंदवाडी स्टेशनजवळ सकाळी दूध आणायला निघालेल्या एका बाईची सोनसाखळी दुचाकीस्वारानं ओढली. बाई पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. पळताना गाडी फाटकाला घासली आणि आरसा तुटून पडला. पंचनामा करून आरसा ठसेतज्ज्ञांकडे पाठवला.

दोन दिवसांनी खबऱ्यानं एक नाव दिलं. तिशीचा माणूस, मेंढपाळ कुटुंबातला, कंपनीत रोजंदारीवर. जुन्या मारामारीच्या गुन्ह्यात त्याचा फोटो आमच्याकडे होता. मी तो मोबाइलवर घेऊन दवाखान्यात गेलो आणि बाईंना दाखवला. ओळख परेडीआधी साक्षीदाराला संशयिताचा फोटो दाखवू नये, हा नियम मला पाठ होता. फक्त खात्री करायची आहे, अशी मनाची समजूत घातली. बाई म्हणाल्या, "असंल."

त्याला ताब्यात घेतलं. चौकशीत तो मान खाली घालून एकच सांगत राहिला, "भावाकडं मेंढ्या कातरायला गेलो व्हतो, साहेब." भावानंही तेच सांगितलं. भाऊ भावाच्या बाजूनंच बोलणार, म्हणून मी ते सोडून दिलं. त्याचे हात थरथरत होते. माझ्या लेखी तो गुन्ह्याचा पुरावा होता.

पुढे नायब तहसीलदारांसमोर ओळख परेड झाली. व्हीलचेअरवरून आलेल्या बाईंनी क्षणभरही न थांबता त्याच्याकडे बोट केलं. तपास संपला, असं मी धरून चाललो. ठशांच्या अहवालासाठी पाठपुरावाही केला नाही.

त्यानंतरच्या रविवारी साक्षीदाराच्या स्मरणशक्तीवर तास होता. शिकवणाऱ्या मॅडम पस्तिशीच्या. भ्यालेला माणूस आणि खोटं बोलणारा माणूस बाहेरून सारखेच दिसतात, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आधी फोटो पाहिलेला साक्षीदार परेडीत कुणाला ओळखतो? गुन्हेगाराला, की फोटोला?"

वर्गात कुणीतरी उत्तर दिलं. मी वही मिटली.

सोमवारी ठसेतज्ज्ञांकडे स्वतः गेलो. आरशावरचा ठसा आमच्या आरोपीचा नव्हता. तो रेकॉर्डवरच्या दुसऱ्याच गुन्हेगाराचा निघाला. छावणी भागातून त्याला उचललं, साखळीचा तुकडा त्याच्या खोलीतच मिळाला. दोघांच्या चेहऱ्यात काडीचं साम्य नव्हतं.

बाईंना सांगायला गेलो. त्या गोंधळून गेल्या. म्हणाल्या, "साहेब, तोंड मला धड दिसलंच नव्हतं. तुमी फोटो आणला, म्हणून वाटलं, तोच असंल. मग डोळे मिटले की तोच दिसाय लागला." त्या खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या आठवणीत तो चेहरा मी घातला होता.

फोटो दाखवल्याची नोंद केस डायरीत केली आणि सुटकेचा अहवाल न्यायालयात पाठवला. वरून खुलासा मागवला गेला. मी चूक कबूल केली. नियम कशासाठी असतो हे मला पदविकेच्या वर्गात कळलं. तोपर्यंत मी तो कोर्टात वकिलानं पकडू नये म्हणून पाळत होतो, आणि म्हणूनच सोयीनं मोडतही होतो.

तो माणूस सुटला तेव्हा त्याचं कंपनीतलं काम गेलं होतं. त्यानं एकच मागणी केली. "आईला तुमी येऊन सांगा. वस्तीत माझं कुणी खरं मानत नाय."

मी गणवेशात गेलो. अंगणात शेजारीपाजारी जमले होते. तुमच्या मुलानं काही केलेलं नाही, असं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग न्येला कशापायी व्हता?" तिनं विचारलं.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. नोकरीत हे वाक्य कुणाच्या अंगणात उभं राहून मी तेव्हा पहिल्यांदाच बोललो.