पट्ट्याच्या गोळीचे साचे

लग्न होऊन मी सेलूला आले तेव्हा सासऱ्यांचं भांड्यांचं दुकान चांगलं चालायचं. नवी भांडी विकायची आणि जुनी मोडीत घ्यायची. नवरा शेतात आणि सासऱ्यांना हाताखाली माणूस हवं, म्हणून मी दुकानात बसायला लागले. मोडीत काय काय यायचं! पाणी भरायचे फुटके गुंड, वाकलेल्या पराती, देवळातल्या घंटा. आणि अधूनमधून सांडशीसारखं एक अवजार यायचं. मिटलं की दोन्ही जबडे चिकटून बसायचे आणि उघडलं की आत गोल पोकळी दिसायची.

"हा गोळीचा साचा," सासऱ्यांनी मला सांगितलं. "भरमार बंदुकीची गोळी याच्यात वतत. शिसं इतळवाचं, वरून टाकाचं, थंड झालं का गोळी पडली."

भरमार म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची जुनी बंदूक. रानडुकरं हाकलायला कुणाकुणाच्या आजोबा-पणजोबांकडे ती असायची. बंदुका गेल्या, पण साचे माळ्यावर पडून राहिले. बायका ते पितळेच्या भावात मोडीत आणायच्या. सासरे मात्र ते वजनकाट्यावर टाकत नसत. नागपूरचे एक साहेब असल्या वस्तू हौसेनं घ्यायचे, आणि साच्याची पारख सासऱ्यांना त्यांच्यामुळेच कळू लागली होती.

ती पारख त्यांनी मलाही शिकवली. साचा मिटून उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला तर दोन जबडे एकमेकांचे नाहीत, कुणीतरी जोडी लावलीय. वरचं उरलेलं शिसं कापायची पात शाबूत आहे का ते बघायचं. अंगावरचा गोळीच्या मापाचा आकडा ठोकलेला असेल तर त्याच्या कडा धारदार असतात. साच्यासोबतच ओतलेला असेल, म्हणजे नक्कल, तर त्या बोथट असतात, साबणावरच्या अक्षरांसारख्या. आणि शेवटी मेण. मेणबत्तीचं मेण हातात मळून पोकळीत भरायचं, साचा दाबायचा आणि गोळी बाहेर काढायची. साधी गोल गोळी असेल तर साचा साधा, लांबट टोकाची असेल तर किंमत जास्त. सगळ्यांत दुर्मीळ म्हणजे जिच्या पोटाभोवती पट्टा उठलेला असतो ती. तसली गोळी एका खास जातीच्या रायफलीची, असं साहेब सांगायचे. पट्ट्याचा असा एक साचा सासऱ्यांना कधीकाळी मिळाला होता आणि तो त्यांनी साहेबांनाच विकला होता.

म्हणून तळेगावचा एक माणूस पट्ट्याचा साचा घेऊन आला तेव्हा दुकानात आनंदच झाला. धोतर गुडघ्यापर्यंत, खांद्यावर पिशवी. म्हणाला, आज्याच्या बंदुकीचा आहे. सासऱ्यांनी साचा हातात घेतला, वरवर बोट फिरवलं आणि "बरोबर हाये" म्हणून मोकळे झाले. मेण काढलं नाही. मला ते खटकलं, पण त्यांना विचारणार कोण?

पुढच्या उन्हाळ्यात तोच माणूस दुसरा साचा घेऊन आला. हा म्हणे त्याच्या साळ्याच्या घरचा. पुन्हा पट्ट्याचाच. सासऱ्यांनी पुन्हा वरून बोट फिरवलं आणि घेतला. उजेडासमोरसुद्धा धरला नाही.

तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकू लागली. आधी त्या माणसाबद्दल. चोरीचा माल असेल का? मग, सांगायला जीभ अडखळते, पण सासऱ्यांबद्दलही. मला फुटक्या बादलीचं बूडसुद्धा दोनदा तपासायला लावणारा माणूस याचाच माल का तपासत नाही? त्या दोघांचं आतून काही आहे का? ते दोघं ओट्यावर बोलत बसले की मी भांडी मांडायचं निमित्त करून जवळ जायची. ऐकू यायचं ते पऱ्हाटीच्या पिकाचं आणि पावसाचंच.

एकदा धीर करून म्हटलं, "मामाजी, मेण काऊन नाई काढलं?"

"तू मले शिकवून राह्यली का आता?" ते असे तडकले की मी परत भांडी मांडायला लागले. संशय मात्र वाढला. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात, तसं माझं झालं.

आणखी एक गोष्ट होती. साहेब महिन्या-दोन महिन्यांनी यायचे, जुने अडकित्ते आणि साधे साचे घ्यायचे, पण पट्ट्याच्या या दोन साच्यांकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. "राहू द्या वहिनी, याला गिऱ्हाईक मी आणतो," म्हणायचे. जी वस्तू सगळ्यांत दुर्मीळ, तीच त्यांना स्वतःला नको होती.

मग तिसरा साचा आला. सासरे घरात जेवायला गेले होते. तळेगावचा माणूस मला एकटीला बघून जरा चपापला.

"तुमचे मामाजी नाई का?"

"येतेत. बसा तुमी. हा कोणाचा?"

"माह्या काकाचा."

"तुमच्या घरच्या सगळ्याइकडे पट्ट्याचीच बंदूक होती का जी?"

त्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मी त्याच्यासमोरच मेण मळलं, साचा दाबला, गोळी काढली. पट्टा उठला होता, पण गोळीचं अंग खरबरीत, रेती चिकटल्यासारखं. आणि पट्ट्याच्या कडेला तिळाएवढा उंचवटा. म्हणजे साच्याच्या आत तिथे टवका गेला होता. मी फळीवरचे दोन्ही साचे काढले. दोन्हींच्या गोळ्या पाडल्या. तोच तीळ, त्याच जागी, तिन्हींवर.

तीन घरांतल्या तीन साच्यांना एकाच जागी टवका कसा जाईल? कुठल्यातरी एका साच्यावरून रेतीत ठसे घेऊन हे तिन्ही ओतले होते. आकड्यांच्या कडाही तशाच बोथट होत्या.

मी मान वर केली तेव्हा तो माणूस पिशवी विसरून रस्त्याला लागला होता.

तीनही गोळ्या ताटलीत घेऊन मी घरात गेले. मनात राग होता. आज सासऱ्यांना तोंडावर विचारायचंच ठरवलं होतं. ताटली पुढे ठेवली आणि म्हटलं, "पाहा मामाजी, या तिघीत काय सारखं दिसते?"

ते ताटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन गोळ्या तं हायेत. का दिसाचं?"

ताटलीत तीन होत्या.

माझा राग कुठच्या कुठे गेला. त्यांनाही कळलं की मला कळलं.

"धुकं धुकं दिसते पोरी," ते हळूच म्हणाले. "बरेच दिवस झाले. दुकानात आंधळा बसला म्हंतलं तं कोन मोड आणीन आपल्याकडे? म्हणून सांगतलं नाई."

मी त्यांच्या हातात एक गोळी दिली. ती बोटांत फिरवता फिरवता त्यांचा अंगठा एके जागी थांबला. चेहरा बदलला.

"हा टवका मले ठाऊक हाये. याच्यापायी त्या साह्यबानं माह्यासंगं घासाघीस केल्ती. हा तं आपून साह्यबाले देल्लेला साचा हाये!"

मग सगळं उलगडलं. आमचा खरा साचा साहेबांकडे होता. त्यावरून नकला ओतून ते आमच्याच दुकानात पाठवत होते. आमच्या फळीवरची वस्तू खेड्यातून आलेली, म्हणजे खरी, असा आमचा लौकिक होता. तिथे गिऱ्हाईक आणायचं आणि त्याच्याकडून दलाली उकळायची; वर त्या माणसाला आम्ही मोजलेले पैसेही त्यांच्याच खिशात.

साहेब आले ते एका निवृत्त अधिकाऱ्याला घेऊनच. "बघा, खेड्यातला अस्सल माल," त्यांना सांगत होते. मी साचे काढले आणि शेजारी ताटली ठेवली. त्या गृहस्थांनी एक गोळी उचलली, दुसरी उचलली, चष्मा पुसला आणि तिसरी उचलली.

"अरे, ये तो सब एक ही है," ते म्हणाले.

साहेबांनी हसून दाखवलं. "वहिनी, तुम्हाला कुणीतरी फसवलं दिसतंय."

"फसोलं तं खरं," सासरे गादीवरून म्हणाले. "आन कोनं फसोलं, थेही आमाले समजलं. खरा साचा कोठी हाये, त्याले इचारा."

त्या गृहस्थांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. दोघं पायऱ्या उतरून गेले आणि साहेब पुन्हा कधी आले नाहीत. नवरा म्हणाला पोलिसांत जाऊ. सासरे नको म्हणाले. सिद्ध करायला आमच्याकडे मेणाखेरीज काय होतं? आणि साहेबांबरोबर अडकित्त्यांचं खरं गिऱ्हाईकही गेलं, ते गेलंच.

दिवाळीनंतर वर्ध्याला सासऱ्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा लावून ते दुकानात आले ते थेट फळीपाशी. तिन्ही साचे उघडून आत बघितले, एक शिवी हासडली आणि स्वतःच्या हातानं मोडीच्या ढिगात टाकले.

पिशवी न्यायला तळेगावचा माणूस आला तेव्हा बरेच महिने उलटले होते. साहेब बसभाडं आणि थोडे पैसे द्यायचे, तेवढंच मला ठाऊक, असं त्यानं कबूल केलं. मग कमरेचा पंचा सोडून त्यात गुंडाळलेला लोखंडी साचा पुढे केला. साधा, गोल गोळीचा, पात गंजलेली.

"हा खरंच आज्याचा हाये," तो म्हणाला.

सासऱ्यांनी तो उजेडासमोर धरला, आकड्याच्या कडा नखानं चाचपल्या, मला मेण काढायला लावलं, आणि पुन्हा एकदा काढायला लावलं. गोळी गुळगुळीत निघाली. वाजवी होते ते पैसे त्यांनी त्याच्या हातावर ठेवले.

"आता तरी इश्वास बसला का बा?" त्यानं विचारलं.

"तुह्यावर नाई बसला," सासरे म्हणाले. "साच्यावर बसला."