पाटनहून आलेला पाटा

१७ नोव्हेंबर १९७१, बुधवार. दुपारी मी व्हॅनच्या मागच्या पत्र्यावरचं वाळलेलं वरण उलथन्याने खरवडत होते. साठ डब्यांपैकी बावीस सांडले होते.

लढाई अजून जाहीर व्हायची होती, पण लष्करी गाड्यांच्या कारखान्यात दोन-दोन पाळ्या आधीच सुरू झाल्या होत्या. ज्यांच्या घरी रांधणारं कोणी नव्हतं त्यांचे डबे मी नेत असे. व्हॅन एका पाववाल्याकडून घेतलेली, जुनी. पाव हलके असतात. माझ्या डब्यांखाली तिच्या मागच्या स्प्रिंगचे पाटे पार सपाट होत, रेल्वे फाटकावर बूड आपटे आणि झाकणं उडत. त्या दिवशी गेटवर फोरमनसाहेब शांतपणे म्हणाले होते, "बाई, गाडी नीट करायला रविवारपर्यंत वेळ देतो. सोमवारी पुन्हा असं झालं तर मंगळवारपासून आम्ही दुसरीकडून मागवू."

संध्याकाळी चेरीताल मोहल्ल्यातला मिस्त्री आमच्या दारात गाडीखाली शिरला आणि तिथूनच बोलला, "भाभीजी, गाडी उठाने के तीन तरीके हैं. स्प्रिंग की कमानी के नीचे लकडी का गुटका, या लंबी शॅकल, या दोनों तरफ एक-एक पट्टा और."

आमचे हे त्याच कारखान्यात तपासनीस. दिवसभर गाड्यांचे भाग मापून नापास करायचे, ही नोकरी. घरी आल्यावरही ती सुटत नसे. "गुटका सरकते," हे म्हणाले. "शॅकल, म्हणजे स्प्रिंग टांगायची कडी, लांब केली तर गाडी झुलते. पाटेच टाका लागन."

"कबाडी के यहाँ मिल जाएँगे, बाबूजी."

"कबाडातले नाही. तडकलेले निघतात."

"मग फॅक्टरीतून?" मी विचारलं.

"नावसुद्धा काढू नको."

पाटनला मोठ्या दिरांकडे शेतावरची जुनी जीप मोडून पडली होती. तिचे पाटे चालतील असं ठरलं आणि ह्यांनी त्याच संध्याकाळी कार्ड लिहिलं. कारखान्यातलं मागणीपत्र असावं तसं. 'दोन पाटे तातडीने पाठवावेत. जाड असावेत. झिजलेले नसावेत. तडा नसल्याची वाजवून खात्री करावी.' जीपचं नाव त्यात कुठेच नव्हतं. मी म्हटलं, "अहो, एवढं पुरेल का?"

"दादाले समजते. काहून पाल्हाळ लावू?"

शनिवारी पाटनच्या बसने गोणपाटात शिवलेला एक नग आला. दोन हमालांनी तो ओसरीवर टेकवला. शिवण उसवली तर आत दगडी पाटा. नुकतीच टाकी लावलेला, वरवंट्यासकट. सोबत जाऊबाईंची चिठ्ठी: 'हे परगावी गेले आहेत, म्हणून कार्ड मीच वाचलं. वाजवून पाहिला, तडा नाही. दोन कशाला हवेत ते कळलं नाही. भाऊजी वेगळी चूल मांडून राहिले का? सध्या एकावर भागवा.'

ह्यांनी दगड बोटाच्या पेराने वाजवून पाहिला. मग म्हणाले, "मागणीप्रमाणे आहे."

रविवारी सकाळी हे हातोडी घेऊन कबाड्याकडेच गेले. तिथे एकेक पाटा उचलून ठोकायचा आणि कान लावायचा, असं तासभर चाललं. शेवटी कबाड्यानेच विचारलं, "बाबूजी, तबला लेना है क्या?" दोन पाटे पास झाले. मिस्त्रीने ते आमच्या दारातच दुपारपर्यंत बसवले आणि गाडीचं बूड चार बोटं वर आलं. हे पट्टीने मोजत होते. मी बोटांनीच मोजलं.

मग डब्यांत पाणी भरून मी फाटकावर एक फेरी मारली. बूड आपटलं नाही. पण नव्या पाट्यांनी गाडी अशी उसळली की माझं डोकं टपाला लागलं आणि मागे अकरा झाकणं उडाली.

"अब कमानी सख्त हो गई," मिस्त्री म्हणाला. "आपका माल इसके लिए हलका है. पीछे वजन चाहिए, जो हिले नहीं."

आम्ही तिघांनीही ओसरीकडे पाहिलं.

पाटा मागच्या चाकांच्या मधोमध ठेवला आणि कपडे वाळत घालायच्या दोरीने जखडला. गाडी दोन बोटं खाली बसली. दुसऱ्या फेरीत एकही झाकण हललं नाही. पाट्यांनी वर चढवलेली गाडी पाट्यानेच जागेवर आणली. ह्यांनी फक्त दोरीची गाठ सोडून स्वतःच्या पद्धतीने पुन्हा बांधली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, मी साठ डबे भोंग्याआधी गेटवर उतरवले. फोरमनसाहेबांनी चार-पाच झाकणं उघडून पाहिली. वरण जिथल्या तिथे होतं. मग त्यांची नजर गाडीत गेली.

"हे काय?"

"गाडीचा पाटा," मी म्हटलं.

त्यांनी मंगळवारच्या डब्यांचा आकडा सांगितला. परतताना मी पोस्टापाशी थांबले आणि जाऊबाईंना कार्ड टाकलं: 'पाटा पोचला. रोज वापरात आहे. दुसऱ्याची घाई नाही.'