सरिताने आज सरांना दोनदा थांबवलं

मित्रांनो, आज इतका आनंद झालाय की लगेच लिहितोय.

मी सोलापुरात टॉवेलच्या मागावर काम करतो. नववीत नापास झालो आणि शाळा सुटली. माझ्या वह्या मात्र वर्गात सगळ्यांत सुंदर होत्या. सर त्या इतरांना दाखवायचे, म्हणून काही समजलं नाही हे सांगायची मला लाज वाटायची.

धाकटी बहीण सरिता यंदा नववीत आहे. गेल्या आठवड्यात तिची बीजगणिताची वही पाहिली. एकही खाडाखोड नाही! मीही न समजता फळ्यावरचं असंच सुबक उतरवायचो. त्यातलंच एक गणित सोडवायला सांगितलं, तर रडायला लागली. "अण्णा, मी पण मागावर येते की."

मी म्हणालो, "धागा तुटला की आम्ही आधी माग थांबवतो. तसाच चालवला तर पुढचं सगळं कापड खराब होतं. काही कळलं नाही की तूही सरांना थांबव."

आज ती शाळेतून थेट कारखान्यात आली आणि मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडली, "थांबवलं की सरांना! दोनदा! पोरं लई हसली."

"आणि सर?"

"हसणाऱ्यांनाच फळ्यावर बोलावलं. एकालाही येईना!"

मग टॉवेलच्या गठ्ठ्यावर वही ठेवून तिने ते गणित मला करून दाखवलं. तीन ठिकाणी खाडाखोड, पण उत्तर बरोबर. मी पुस्तकाशी दोनदा ताडून पाहिलं.

शाळेत तुमचा कुठला प्रश्न विचारायचा राहून गेला? बीजगणितात आकड्याच्या जागी अक्षर का लिहितात, हा माझा होता. आज सरिताने तो मला समजावला.