नव्या चर्चच्या नकाशातलं एकुलतं दार

मंडळी, मी आर्किटेक्ट आहे. आज सकाळी नागपुरातल्या एका जुन्या चर्चमध्ये नव्या इमारतीचा नकाशा दाखवायला गेले होते.

प्रार्थना सुरू असताना पंख्याच्या वायरीतून ठिणग्या उडाल्या आणि धूर पसरला. सगळे एकुलत्या एका दाराकडे धावले. मी गर्दीत चेंगरले, श्वास घेता येईना.

सुदैवाने सगळे सुखरूप बाहेर आले. सर्वांत शेवटी आल्या तिथे प्रार्थनेला येणाऱ्या, व्हीलचेअरवरच्या सुशीलामावशी.

"पोरी, नव्या चर्चले दारं किती ठेवली वं?"

"एकच आहे, पण मोठं आहे," मी पुटपुटले.

"मंग मले कोन काढन?"

तिथेच पायरीवर बसून मी नकाशात उतार असलेलं दुसरं दार आखलं. पण मी आधी बांधलेल्या दोन्ही चर्चना एकच दार आहे. तिथल्या लोकांना हे कसं सांगू?