बटन दाबा आणि बोला

आम्ही दोन-तीन जुने वायरलेसवाले चहाला बसलो की किस्से आपोआप निघतात. कारण साधं आहे. वायरलेसचा सेट लोखंडी पेटीत असतो, तो सहसा मरत नाही. मरतो तो हातातला माइक. त्याला माणूस धरतो ना! त्याच्यावर ओरडतो, खोकतो, राग आला की टेबलावर आपटतो. ऐंशीच्या दशकात चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या नाक्यानाक्यांवर आमच्या वनखात्याचे सेट होते. मेलेले माइक एसटीच्या पार्सलनं आमच्या चंद्रपूरच्या वर्कशॉपात यायचे. वर्कशॉप म्हणजे टिनाची एक खोली. तिच्यात मी आणि माझे सीनियर रामटेकेभाऊ. माइक उघडला की बिघाड सापडायचा, आणि बिघाडाला चिकटून एक माणूस सापडायचा.

---

एका नाक्याचा माइक दर महिन्याला यायचा. तक्रार एकच, "आवाज जाऊन नाई राह्यला." उघडला की आत लाल चिखल. खर्ऱ्यातली सुपारी, तंबाखू, चुना, सगळं भोकांतून आत गेलेलं. कॅप्सूल, म्हणजे आवाज पकडणारी आतली चकती, पार बरबटलेली.

शेवटी तो ऑपरेटर स्वतःच माइक घेऊन आला. रामटेकेभाऊंनी त्याला धरलं. "काऊन रे, याच्यात बोलतं का थुकतं?"

तो बिचारा शांतपणे म्हणाला, "भाऊ, साहेब तिकडून शिव्या देते. उलट बोललो तं नोकरी जाते. मंग मी बटन सोडतो अन् थुकतो!"

रामटेकेभाऊंनी माइक साफ करून दिला.

---

नागभीडकडून एक माइक आला, त्याला वायरच नाही. फोनवर विचारलं, "वायर कुठी हाय?"

"बकरीनं खाल्ली जी."

"मंग बकरी पाठवाची होती," रामटेकेभाऊ म्हणाले, "ते तरी काही बोलली असती!"

---

आता सोफ्याचा किस्सा. माइकच्या बाजूला बटन असतं. दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. त्या बटनाच्या आत एक चिमुकली स्प्रिंग असते. ती गंजली की बटन दाबलेलंच राहतं, आणि तुमचं घरातलं बोलणं सगळ्या जिल्ह्याला ऐकू जातं!

एका नाक्यावर तेच झालं. ऑपरेटर आणि चौकीदार चहा पीत गप्पा मारत बसले होते. आपल्या साहेबांच्या बंगल्यावर नवा सोफा कसा आला, त्याचं सागवान कोणत्या नाल्यातून कोणत्या ट्रकनं गेलं, ट्रकवर वरून काय पसरलं होतं. सगळं सविस्तर. साहेबांच्या जीपमध्येसुद्धा सेट होता. साहेब जीपमध्येच होते.

चौकशी बसली. चौकशीचे अधिकारी आमच्या वर्कशॉपात आले. आम्हाला वाटलं, आता सोफा निघतो बाहेर! त्यांनी तो माइक उलटासुलटा करून पाहिला आणि कडक आवाजात विचारलं, "हे बटन अडकलंच कसं?"

रामटेकेभाऊ म्हणाले, "स्प्रिंग गंजली, साहेब."

"मग ती वेळेवर का बदलली नाही?"

सागवान कुठं गेलं हे कुणी विचारलं नाही. ऑपरेटरची बदली पार टोकाच्या सिरोंच्याला झाली. सोफा बंगल्यावरच राहिला. पुढं त्या बंगल्यावरचा सेट दुरुस्त करायला गेलो तेव्हा मी तो पाहिला. सुंदर होता. आम्हाला त्याच्यावर बसा म्हणाले नाहीत.

---

हे दुसरे एक साहेब. फार स्वच्छतेचे. रामटेकेभाऊ माइक दुरुस्त झाला की तोंडाजवळ धरून "हॅलो, टेस्टिंग" म्हणायचे. कुठलाही मेकॅनिक म्हणतो. साहेबांनी ते एकदा दारातून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "माझा माइक त्यांना तपासायला देऊ नका. तुम्ही तपासत जा. तुमचं तसं काही नाही."

आवाज हळू होता, पण टिनाच्या खोलीत लपणार काय? सोल्डरचा धूर रामटेकेभाऊंच्या डोळ्यांत जात होता. त्यांनी मान वर केली नाही.

पुढल्या आठवड्यात साहेबांचा हुकूम आला. मला अगदी नवा माइक पाहिजे, कुणाचं तोंड न लागलेला. नवी कॅप्सूल कुठली मिळायला! टेबलावर त्या खर्रेवाल्याचा पुन्हा आलेला माइक पडलेला होता, आदल्याच दिवशी साफ केलेला. रामटेकेभाऊंनी त्यातली कॅप्सूल काढली, माइकच्या नव्या कोऱ्या डबीत बसवली, वरून फडकं मारलं आणि माझ्या हातात दिली.

"जा, देऊन ये. म्हण, कोनाचंच तोंड नाई लागलं."

साहेबांनी माइक ओठांना जवळजवळ चिकटवला. पलीकडून उत्तर आलं. साहेब खूश! "पाहा, नव्या वस्तूची गोष्टच वेगळी असते."

मी येऊन सांगितलं. मला वाटलं, रामटेकेभाऊ हसतील. ते म्हणाले, "मी वीस वर्षं माइक दुरुस्त करून राह्यलो. पन मले थुकाचीच दुरुस्ती येते, मानसाची नाई." आणि पुढचा माइक उघडायला घेतला.

---

एका गावात नाक्यासमोरच झेंडावंदन झालं, तेव्हा नाक्यावरचा माइक सरपंचांच्या हातात गेला. त्यांना वाटलं, लाऊडस्पीकर! त्यांनी बटन दाबून दणकून भाषण केलं. आमच्या नाल्यावर पूल पाहिजे, पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवर घेऊन पाण्यातून जावं लागते, किती वर्षं सांगावं! समोर बसलेल्या गावाला अर्धं ऐकू आलं. जिल्ह्यातल्या एकूण एक ऑफिसात मात्र स्वच्छ ऐकू गेलं.

भाषण संपल्यावर कंट्रोलवरून, म्हणजे चंद्रपूरच्या मुख्य सेटवरून, एकच उत्तर आलं, "चॅनल मोकळा करा."

पुलाचं काय झालं म्हणता? नाही झाला. पण नाक्यानाक्यांवर माइकला कुलूप लावायचा हुकूम आठवड्यात आला!

---

भामरागडकडच्या एका नाक्यावर मडावी नावाचे ऑपरेटर होते. बायको आणि लहान पोरगी घेऊन तिथंच राहायचे. पाऊस लागायच्या आधी त्यांच्या माइकची कॅप्सूल गेली. आमच्याकडे नव्हती. स्टोअरमध्ये नवे माइक होते. स्टोअरबाबू म्हणाले, "ते मोठ्या साहेबांच्या दौऱ्यासाठी ठेवलेत." दौरा कधी? "पाऊस संपल्यावर." मग नद्या भरल्या आणि रस्ताच बंद झाला.

मडावींना सगळ्यांचं ऐकू यायचं, पण बोलता यायचं नाही. बटन तेवढं चालू होतं. दाबलं की आमच्याकडे स्पीकरमध्ये खट असा आवाज यायचा. आमच्या शेजारच्या खोलीत कंट्रोलवर उराडे बसायचे. त्यांनी युक्ती काढली. "मडावीभाऊ, हो असंल तं एकदा बटन दाबा. नाई असंल तं दोनदा."

खट.

रोज सकाळी हजेरी तशीच व्हायची. "पाऊस हाय का?" खट. "वाघ आला व्हता का?" खट, खट. आम्ही ऐकून हसायचो. सगळ्या नाक्यांत हे एकच गुणी पोरगं, उराडे म्हणायचे, उलट उत्तर नाही!

एक दिवस सकाळपासून खटखट सुरूच. थांबेना. दुसऱ्या नाक्यांचं बोलणं तुटायला लागलं. उराडे म्हणाले, "मडावीभाऊ, तुमचं बटन अडकलं वाटते. सेट बंद करून ठेवा." थोडा वेळ खटखट चालली, मग बंद झाली.

दुसऱ्या दिवशी हजेरीला उराडेंनी सहज विचारलं, "काल का झालं व्हतं? बटन अडकलं का?"

खट, खट.

उराडे सरळ बसले. "तब्येत खराब हाय का तुमची?" खट, खट. "बाईची?" खट, खट.

"पोरीची?"

खट.

"ताप हाय?" खट. "कालपासून?" खट, खट. "त्याच्याही आधीपासून?" खट.

उराडेंनी डॉक्टर गाठला, नावेसाठी फोन केले, पलीकडच्या नाक्याच्या माणसाला निघायला सांगितलं. नदी कुणाला उतरू देईना. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, "मडावीभाऊ, पोरगी बरी हाय ना?"

खट, खट.

"जास्त झालं का?"

खट, खट.

पुढचा प्रश्न उराडेंनी विचारला नाही. माइक टेबलावर ठेवला आणि ते बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. त्या दिवशी बाकीच्या नाक्यांची हजेरी मीच घेतली.

पाणी उतरल्यावर रामटेकेभाऊ आणि मी नवा माइक घेऊन गेलो. मडावींनी आम्हाला खाट टाकून दिली. त्यांच्या बाईंनी पाणी दिलं. पोरगी कुठं दिसली नाही. रामटेकेभाऊंनी माइक बसवला, तपासला, आणि मडावींच्या हातात दिला. स्पीकरमधून उराडेंचा आवाज आला, "मडावीभाऊ, माइक दुरुस्त झाला म्हणते. आता बोला. काहीही बोला."

मडावींनी माइक तोंडाजवळ नेला. बटन दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं, सोडलं. आणि माइक खुंटीला अडकवला.