फ्यूजमधली जाड तार

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

नव्वदच्या दशकात मी सुरतेत, नवागामजवळच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात फिटर होतो. आम्ही सगळे खानदेशातले, मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर. वायरिंग जुनाट. फ्यूज सारखा उडायचा, लूम थंड पडायचे, मग ओरडा — "जाडी तार टाक ना भो, काही व्हस नही!"

मी टाकली. जाड तार असली की लूमच्या सांगाड्यात करंट उतरला तरी फ्यूज उडत नाही, हे तिथे फक्त मलाच नीट कळत होतं. एकदा बोललोही. तेव्हा सगळ्यांनी मिळून शेठकडे नवं वायरिंग मागायचं ठरलं. दिवाळीनंतर. मग लग्नसराईनंतर. सगळे जाणार होते, म्हणून कोणीच गेलं नाही. एकट्याने जायला मला काय झालं होतं? निदान ती तार तरी काढायची — चार शिव्या खाल्ल्या असत्या. त्या शिव्यांना मी भ्यालो.

सुदाम माझ्याच गावचा. मीच त्याला कामाला लावलेलं. भर दुपारी तुटलेला धागा जोडताना त्याने लूमला हात टेकला, तो चिकटूनच राहिला. मेन स्विच ओढून मीच त्याला सोडवलं. तोवर संपलं होतं.

इथवरचं पाप वाटून घेता येतं. एवढे जण होतो, माझ्या वाट्याला असं कितीसं येतं? — ही वाटणी मी पुष्कळदा करून पाहिली. पण पुढचं? बाकीचे त्याला उचलून बाहेर नेत होते, तेव्हा मी फ्यूजपाशी गेलो. जाड तार काढली, बारीक बसवली. हे करायला मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि चौकशीला आलेल्यांना मी म्हणालो — त्याचे हात ओले होते.

कोरडे ठणठणीत होते हो. मीच धरले होते ना.

तेराव्याला सुदामच्या बायकोने मला विचारलं, "त्यासना हात वल्ला व्हतात का, भाऊ?" मी मान डोलावली. तेव्हापासून वहिनी मेलेल्या नवऱ्यावर चिडून आहेत — एवढं सांगून हात पुसले नाहीत, पोरं उघड्यावर टाकली, म्हणतात.

दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, त्या सुदामच्या नावाने घागर भरतात. पितर म्हणून जेवायला मला बसवतात, त्याचा जवळचा म्हणून. हातावर पाणी घालतात, टॉवेल पुढे करतात. नीट पुसा, म्हणतात. मी पुसतो. आणि जेवतो.