अलोऱ्याची 'भूकंपाची पोर'

मी रोज ब्लॉगवर दिनविशेष टाकते. आजच्या दिवशी कोण जन्मलं, कुठलं युद्ध संपलं वगैरे. फक्त अकरा डिसेंबरला हात अडखळतो. १९६७ साली त्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि माझी आई नेमकी त्याच दिवशी जन्मली, असं तिला लहानपणापासून सांगितलेलं. अलोऱ्याजवळच्या वाडीत घराची भिंत पडून तिचे आई-वडील गेले. महिन्याभरानं एक लांबची आत्या तिला पुण्याला घेऊन गेली. सांभाळलंन, पण चिडली की म्हणायची, "आई-बापाला खाऊन आलेली." त्या दिवशी आई अजून पाणीही घेत नाही. यंदा मी वैतागले. म्हटलं, चल, ती जागा तरी बघून येऊ.

दहा तारखेला उजाडताच पुणं सोडलं. उंब्रजला हायवे सोडून पाटणला मिसळ खाल्ली, झणझणीत होती. पुढे कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. जाणार असाल तर दिवसाउजेडी उतरा, वळणावर ट्रक अंगावर येतात. आईला एका जागी बसवेना. काच खाली, काच वर. "परत फिरूया का गं?" तीनदा विचारून झालं. माझंही स्टिअरिंगवर धड लक्ष नव्हतं.

अलोऱ्याला टपरीवर चहा घेतला आणि आजोबांचं नाव सांगितलं. टपरीवाला म्हणाला, "वाडीत सुलूकाकी हायत, त्यांना विचारा. जुनं सगळं त्यांनाच ठावं."

काकी ऐंशीच्या पुढच्या. अंगणात सुपात कुळीथ पाखडत होत्या. आईनं वडिलांचं नाव सांगताच सूप खाली ठेवलं. "अगो बाय! तू भूकंपाची पोर?"

आईचा चेहरा उतरला. "हो. त्याच दिवशी जन्मले ना मी."

"कोण म्हणतो? आदल्या दिशी तुझं बारसं झालं! मी स्वतः घुगऱ्या वाटल्या. तुझ्या बापसानं पाळणा बांधलान, नि तुला त्यात ठेवू देईल तर शपथ! वाडीभर मिरवत होता."

"मग भूकंपाची का म्हणता?" मी विचारलं.

"आमच्यात तसंच मोजतात. त्या महिन्यातली पोरं सगळी भूकंपाचीच. माझा थोरलाही भूकंपाचा."

हात्तिच्या! आत्यानं तेवढंच ऐकलं आणि तोच दिवस धरला. मला असा संताप आला की काय सांगू.

आई बोटांवर मागे मोजत होती. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे जन्म एकोणतीस नोव्हेंबरचा. "मग मी काही नाही केलं," ती म्हणाली.

"बारा दिसाचं पोर काय करतंय गो?" काकींनी तिला जवळ घेतलं.

मुक्काम चिपळूणला केला. एसटी स्टँडजवळ साधे, स्वच्छ लॉज मिळतात. सुरमईचं ताट सुरेख होतं, दोघींचं पाचशेच्या आत भागलं. दुसऱ्या दिवशी आईनं उपास केलाच, पण पाणी प्यायली. "आता हा त्यांच्यासाठी," म्हणाली.

पुण्याला परतून आठवडा झाला. मला वाटलं होतं, आई हलकी होईल. छे! घरभर फिरते, कपाटं लावते, परत उपसते. काल भाजी चिरता चिरता एकदम थांबली. म्हणाली, "माझा जन्म झाला तेव्हा ते होते गं. मलाही बारा दिवस वडील होते."